मानाचे आणि मनाचे : दिल्लीतील मराठी कलाकृती

आवडती पुस्तके, नाटके, चित्रपट आणि गाणी ही प्रत्येकाची खासगी बाब मानली जाते. परंतु परमुलखात स्थिरावलेल्या समाजाच्या आवडीचा विचार करू लागल्यावर तिचे दोन भाग पडलेले दिसतात. काही कलाकृतींना त्या मुलखानेही आपले म्हटलेले असते, तर काही घराच्या उंबरठ्याआतच जपल्या जातात. दिल्ली आणि तिला लागून वाढलेल्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या परिसरातील मराठी रसिकतेत ही फाळणी ठळकपणे जाणवते. साहित्य अकादेमी, संगीत नाटक अकादेमी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय अशी मान देणारी ठिकाणे याच शहरात असल्यामुळे मराठी कलाकृतींना येथे मानाची वाण पडली, असे म्हणता येत नाही. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले, पुढच्याच वर्षी मराठीतला पहिला साहित्य अकादेमी पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला देण्यात आला. मात्र मान मिळालेली कलाकृती दिल्लीकरांच्या मनापर्यंत पोहोचली का, आणि पोहोचताना तिच्यातले काय वाटेत गळून पडले, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कलेच्या बाबतीत निराळे येते.

संगीताची वाट सर्वांत सुकर होती. खयाल, म्हणजे रागाचा स्वरालापांनी व तानांनी विस्तार करण्याची गानपद्धती, अठराव्या शतकात दिल्लीतच बहरली. मुहम्मदशाहाच्या दरबारातील नियामत खाँ ऊर्फ सदारंग यांच्या बंदिशी आजही गायल्या जातात. हेच गाणे ग्वाल्हेरात रुजले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते तेथून महाराष्ट्रात आणले, मिरजेस त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि त्यांच्या परंपरेतील विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत त्याच नावाची संस्था उभी केली. दिल्लीतून निघालेले गाणे मिरज-इचलकरंजीची माती लावून दिल्लीला परतले, आणि परतल्यावर त्याला दुभाष्या लागला नाही, कारण बंदिशीचे शब्द मुळात ब्रज भाषेतले, मथुरा-वृंदावनाकडचे होते. दिल्लीच्या संगीतप्रेमींनी कुमार गंधर्व आणि भीमसेन जोशी यांच्यावर जे प्रेम केले, त्यात परकेपणाचा लवलेशही नव्हता. तरीसुद्धा हे प्रेम खयालावरचे आणि हिंदी भजनांवरचे होते, हे नोंदवले पाहिजे. अभंग आणि नाट्यपद, म्हणजे संगीत नाटकात पात्राच्या तोंडी येणारे रागाधारित गीत, यांची गोडी शब्दाशी इतकी बांधलेली आहे, की ती बहुधा मराठी श्रोत्यांच्या मेळाव्यातच खुलते. कुमारांच्या निर्गुणी भजनांवर डोलणाऱ्या सभागृहाला त्यांच्या नाट्यपदांची ओळखही नसावी, ही रुखरुख रास्त आहे.

नाटकाला भाषांतराखेरीज गत्यंतर नव्हते, आणि येथेच विषय खऱ्या अर्थाने गुंतागुंतीचा होतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७चे नाटक ओम शिवपुरी यांच्या ‘दिशांतर’ या दिल्लीतील संस्थेने ‘खामोश! अदालत जारी है’ या नावाने सादर केले आणि मोहन राकेश, गिरीश कार्नाड, बादल सरकार यांच्याबरोबर तेंडुलकरांचे नाव हिंदी रंगभूमीवर कायमचे रुजले. नाटकाची रचनाच अशी, की ते कोणत्याही शहरात उभे राहावे: एक सभागृह, काही खुर्च्या, खेळ म्हणून मांडलेला अभिरूप खटला, आणि त्या खेळाने हळूहळू एका अविवाहित शिक्षिकेच्या आयुष्यावर घेतलेला ताबा. आरंभीच या शिक्षिकेचे, लीला बेणारेचे, बोट दाराच्या कडीत सापडून दुखावते. शेवटी सामंत हे पात्र हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. कडी आणि पोपट हिंदीत जसेच्या तसे आले, परंतु बेणारेच्या तोंडी असलेले चिमणीचे बालगीत आशयासह आले तरी आपला परिवार मागे ठेवून आले. घरटे हरवलेली चिमणी ऐकताच मराठी प्रेक्षकाच्या मनात चिऊ-काऊच्या गोष्टी, शेणाचे घर आणि मेणाचे घर, आजीचा आवाज हे सारे एकदम जागे होते, आणि ते जागे झाल्यामुळेच पुढचे क्रौर्य असह्य वाटते. हिंदी प्रेक्षकाला क्रौर्य कळते. त्याआधीचे बालपण त्याला मिळत नाही. हा दोष अनुवादकाचा नव्हे. जबाबदारी समीक्षेची होती, आणि तेंडुलकरांना ‘भारतीय नाटककार’ म्हणून गौरवण्याच्या घाईत दिल्लीतील चर्चा या मराठी अस्तराकडे फारशी वळली नाही.

पुस्तकांच्या बाबतीत असाच प्रकार एका शब्दात पाहता येतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन १९७८ साली आले आणि हिंदीत दामोदर खडसे यांच्या अनुवादातून ‘अछूत’ या नावाने पोहोचले. बलुतं म्हणजे गावकीची कामे करणाऱ्यांना पिकातून मिळणारा वाटा. लेखकाने स्वतःच्या जगण्याला हे नाव दिले, तेव्हा आपल्या वाट्याला जे आले ते हेच, असा आर्त आणि कडवट अर्थ त्यात भरला. ‘अछूत’ हा शब्द अन्याय ताबडतोब सांगतो, परंतु तो बाहेरून मारलेला शिक्का आहे; ‘बलुतं’मध्ये गावगाड्याची सारी अर्थव्यवस्था आणि त्या अर्थव्यवस्थेत अडकलेला माणूस आतून बोलतो. उत्तरेकडच्या वाचकाला बलुत्याची कल्पना नसेल, हा विचार समजण्यासारखा आहे. पण अनोळखी शब्द ठेवून तो पुस्तकातूनच उलगडू द्यायला हवा होता, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. याउलट शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ला अशी अडचण आली नाही, तिचा नायक कर्ण साऱ्या देशाचा असल्यामुळे ती कादंबरी हिंदी घरांतही मराठी घरांइतक्याच जिव्हाळ्याने वाचली गेली.

उंबरठ्याआड राहिलेल्यांत पु. ल. देशपांडे यांचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले त्या आरंभीच्या काळात ते या शहरात दूरदर्शनसाठी काम करत होते, १९६५ साली ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादेमी पुरस्कारही मिळाला, आणि तरीही त्या पुस्तकातला अंतू बर्वा दिल्लीचा झाला नाही. त्याच्या रत्नागिरीच्या बोलीतला प्रत्येक हेल हाच तेथे विनोद आहे आणि हेलाचे भाषांतर होत नाही. मराठी कुटुंबांत मात्र अंतू बर्व्याचे ध्वनिमुद्रण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाते, आणि ज्या मुलांना देवनागरीतले मराठी पुस्तक सलग वाचणे जड जाते, त्यांनाही त्यातली वाक्ये तोंडपाठ असतात.

चित्रपटाला उपशीर्षकांचा आधार आहे. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’ची वाट पाहत अर्धे शतक जावे लागले, पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनी तो मिळवला. यांपैकी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ दिल्लीतील मराठी प्रेक्षकासाठी सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत मोलाचा ठरतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, त्यांच्या गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले असा आरोप ठेवून चाललेला हा खटला मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांतून सरकतो. मधल्या एका प्रसंगात सरकारी वकील असलेली स्त्री सुटीच्या दिवशी नवरा-मुलांसह मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीयांना हिणवले जाते आणि भरलेले नाट्यगृह मनापासून हसते, टाळ्या वाजवते. कॅमेरा हलत नाही, कोणी टिप्पणी करत नाही. गुरुग्राममधील घरात हा प्रसंग पाहणाऱ्या मराठी माणसाला संवादातली प्रत्येक कोटी उपशीर्षकांवाचून कळते, नाट्यगृहातले ते हसू त्याच्या ओळखीचे असते. आणि ज्याला हसले जात आहे, तो पोटापाण्यासाठी दुसऱ्या प्रांतात आलेला माणूसही तोच असतो.