सूक्ष्म विद्युत-यांत्रिक साधनांसाठी सिम्युलेशन सॉफ्टवेअरची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दाबसंवेदक, त्वरणमापक यांसारखी सूक्ष्म विद्युत-यांत्रिक साधने, म्हणजेच मेम्स, आता पदवी स्तरावर अभ्यासली जातात. एनपीमास या राष्ट्रीय कार्यक्रमातून अनेक महाविद्यालयांत मेम्स अभिकल्प केंद्रे स्थापन झाली व महागडी सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांच्या हाती आली. हे कार्य मोलाचेच होय. तथापि, सॉफ्टवेअर कोणत्या निकषांवर निवडावे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

चिकित्सा :
निवड करताना प्रायः नाव आणि रंगीत आकृत्यांचा देखणेपणा यांना महत्त्व मिळते. वस्तुतः मेम्समध्ये विद्युत बल व यांत्रिक विरूपण परस्परावलंबी असतात. दोन समांतर पट्ट्यांमधील अंतर एक-तृतीयांशाने घटले की हलती पट्टी एकाएकी स्थिर पट्टीवर ओढली जाते. १०० मायक्रोमीटर बाजूची चौरस पट्टी, २ मायक्रोमीटर हवेचे अंतर व १ न्यूटन प्रति मीटर स्प्रिंग स्थिरांक घेतल्यास ही स्थिती सुमारे ५.२ व्होल्टला येते. हे गणित फळ्यावर करता येते. ज्या सॉफ्टवेअरला हे युग्मित गणित साधत नाही, ते या कामास निरुपयोगी होय.

दुसरा निकष पदार्थाचा. स्फटिकी सिलिकॉनचा यंग गुणांक दिशेनुसार सुमारे १३० ते १८८ गिगापास्कल असा बदलतो. सॉफ्टवेअरने आपणहून भरलेला आकडा तसाच स्वीकारल्यास उत्तर सुबक, पण चुकीचे येते.

तिसरा निकष निर्मितीप्रक्रियेचा. कॉव्हेंटरवेअर व इंटेलिसूट प्रक्रियेच्या टप्प्यांतून रचना घडवतात. कॉमसॉल व अँसिस यांचा आवाका व्यापक असला तरी त्यांचा रोख सर्वसाधारण भौतिकीकडे आहे. फिनलंडमध्ये विकसित झालेले एल्मर मुक्त आहे. त्याच्या परवान्याची मुदत संपून जुने प्रकल्प बंद पडत नाहीत.

निष्कर्ष :
दिंडोशीलगतच्या चित्रनगरीत देखावा हेच साध्य असते; अभियांत्रिकीत तसे नाही. येथून जवळच पवईच्या आयआयटीत २००६ मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्र स्थापन झाले आणि २००८ पासून आयएनयूपी योजनेने तेथील निर्मितीसुविधा बाहेरच्या संशोधकांनाही खुल्या केल्या. म्हणून महाविद्यालयांनी आधी हातचे गणित, मग मुक्त सॉफ्टवेअर आणि प्रत्यक्ष निर्मितीचा मार्ग निश्चित झाल्यावरच सशुल्क सॉफ्टवेअर, हा क्रम पाळावा. अन्यथा विद्यार्थ्याचा प्रकल्प रंगीत आकृतीपाशीच संपेल.