वगळलेल्या नोंदी आणि मार्गदर्शकाचे उत्तरदायित्व

पदव्युत्तर वर्गांना संशोधनपद्धती शिकविताना कोणती चाचणी कोठे वापरावी, हे आपण तपशिलाने सांगतो. कोणत्या नोंदी मोजणीत धरावयाच्या आणि कोणत्या वगळावयाच्या, हा निर्णय मात्र विद्यार्थी व मार्गदर्शक यांच्यात खाजगीत उरकला जातो. ही उणीव तांत्रिक नसून नैतिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परळच्या हाफकिन संस्थेच्या पूर्वेतिहासात याचे बोलके उदाहरण सापडते. जानेवारी 1897 मध्ये प्लेगची साथ चालू असताना वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली व महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील सुमारे दीडशे कैद्यांना टोचली. पुढे न टोचलेल्यांपैकी 12 जण आजारी पडून 6 दगावले. टोचलेल्यांपैकी 2 आजारी पडले, मृत्यू एकही नाही. परंतु टोचणीच्याच दिवशी तिघांना प्लेग झाल्याचे आढळले होते आणि ते तिघेही दगावले. लागण टोचणीपूर्वीची, म्हणून ते या हिशेबात नाहीत. त्यांना धरले तर 2 चे 5 होतात, शून्याचे 3.

वगळण्याचे कारण वैद्यकीयदृष्ट्या सयुक्तिक आहे. तरीही लागण व लक्षणे यांत काही दिवसांचे अंतर असते. मग पुढच्या दिवशीचे रुग्ण का धरावयाचे, आणि दोन्ही गटांना एकच निकष लागला काय, हे विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. हाफकिन यांनी ते तिघे लपविले नाहीत, म्हणूनच आज हे विचारता येते. (कैद्याची 'स्वेच्छा' कितपत स्वेच्छा, हा आणखी गंभीर प्रश्न. स्वतःहून टोचून घेणारे मुळातच अधिक सावध असू शकतात, हा मुद्दा कार्ल पिअर्सन यांनी 1904 मध्ये विषमज्वराच्या लसीबाबत मांडला होता.)

आता आपल्याकडे पाहू. लालबागच्या चाळींतून प्रश्नावल्या भरून आणलेला विद्यार्थी निष्कर्ष 'सार्थक' येत नाही म्हणून विचारतो, "सर, या पाच काढल्या तर चालतील का?" त्याची पदवीची मुदत जवळ आलेली असते, मार्गदर्शकालाही शोधनिबंधावर आपले नाव हवे असते. अशा वेळी मौनसुद्धा संमतीच ठरते. चुकीची चाचणी परीक्षकाच्या नजरेस येते, काढलेल्या पाच प्रश्नावल्या कधीच येत नाहीत.

म्हणून प्रबंधात पहिल्या तक्त्यापूर्वी एक पान सक्तीचे असावे : प्रश्नावल्या किती आल्या, किती वगळल्या, कोणत्या कारणाने, आणि निकाल पाहण्यापूर्वी की नंतर. त्याखाली विद्यार्थ्याबरोबर मार्गदर्शकाचीही स्वाक्षरी असावी.