‘पडीक’ कशाला म्हणायचे?

केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साह्याने तयार केलेला ‘वेस्टलँड्स अ‍ॅटलस’ २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१५-१६ च्या उपग्रह-चित्रांवरून केलेल्या या मोजणीनुसार देशातील सुमारे ५.५८ कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी हा नकाशासंग्रह अवश्य चाळावा. जमिनीचे २३ वर्ग केलेले आहेत, जिल्हावार आकडे दिलेले आहेत आणि मेहनत पानोपानी दिसते. आमची तक्रार त्याच्या नावातल्या शब्दाशी आहे.

हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले तेव्हापासून. जिचा पुरेसा वापर होत नाही, पण बेताच्या प्रयत्नाने जिच्यावर झाडोरा उभा करता येईल, ती पडीक जमीन. जळण आणि चारा यांची टंचाई होती. हेतू रास्तच होता. पण ही व्याख्या जमीन माणसाला काय देते एवढेच विचारते. तिथे आधीपासून कोण राहते, हा प्रश्न तिच्यात येत नाही. त्यामुळे माणसाच्या चुकीने नापीक झालेली जमीन आणि मुळातच उघडी असलेली जमीन यांच्यावर एकच शिक्का बसतो. माळढोक, तणमोर, चिंकारा आणि लांडगा यांना माळच लागतो. तिथे दाट झाडी लावली तर त्यांचे घर सुधारत नाही, मोडते.

या शब्दाला वजन आहे. सौर उद्यानांच्या केंद्रीय योजनेत सरकारी पडीक जमिनीला प्राधान्य द्यावे असे म्हटलेले आहे. शिवाय सौर व पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही. (सौर वीज नको, असे कोणी म्हणत नाही. ती कुठे उभारायची, एवढाच मुद्दा आहे.)

कोकणातला सडा घ्या. जांभ्या दगडाचे हे सपाट पठार एप्रिलमध्ये पाहिले तर काळपट खडक आणि वाळके गवत, इतकेच दिसते. ‘उघडी खडकाळ जमीन’ हे वर्णन त्याला चपखल बसते. पण पहिल्या पावसानंतर खळग्यांत पाणी साचते, बोटभर मातीत रोपे उठतात. शास्त्रीय नावातच कोकण असलेली दीपकाडी फुलते. तिचा कंद उरलेले वर्ष जमिनीखाली काढतो. मागाहून गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं दिसू लागतात. या मातीत नत्र फार कमी. म्हणून दवबिंदू चिकट केसांनी कीटक पकडतो, तर सीतेच्या आसवांच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. वनस्पतींच्या पोषणाचा धडा शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? सड्यावर मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते, हे तर गावकऱ्यांना सांगावेही लागत नाही. साताऱ्याजवळचे कास हेही जांभ्याचेच पठार. ते २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले.

खाणीसारख्या प्रकल्पांना मंजुरी लागते, म्हणजे तिथे तरी तपासणी होते, असे वाटेल. पण खाण प्रकल्पांच्या प्रमाणित अटींत मूळ स्थितीची माहिती एका ऋतूत गोळा करायला सांगितले आहे, आणि तो ऋतू पावसाळा सोडून! हवेतील धूळ मोजायला हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते. पण त्याच वाक्यात वनस्पती आणि प्राणीही आहेत. सड्यावर मार्चमध्ये फिरलेला प्रामाणिक वनस्पतिशास्त्रज्ञदेखील दीपकाडीची नोंद करू शकणार नाही. अहवाल खोटा नसतो, आणि तरीही सडा त्यात रिकामाच राहतो. जांभ्याच्या पठारांपुरती तरी जून ते सप्टेंबरची पाहणी सक्तीची हवी, आणि नकाशासंग्रहात नैसर्गिक माळ व सडे यांचा वर्ग ‘पडीक’पासून वेगळा काढायला हवा. एवढा बदल करणे उपग्रहाचे डोळे वापरणाऱ्यांना जड जाऊ नये.

तोवर शाळांना एक काम करता येईल. जवळच्या सड्यावर मीटरभर लांबी-रुंदीचे काही चौकोन आखून जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी कोणती रोपे दिसली, याची तारखेसह वही ठेवावी. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा मराठीतही उपलब्ध करावा लागतो. त्यात पाहणीचे महिने कोणते दिले आहेत ते पाहावे, आणि आपली वही शेजारी ठेवून वनस्पतींची यादी वाचावी.