बास्क बोलींची नवी वांटणी

स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क भाषेस आज कोणी सख्खी बहीण उरलेली नाहीं. म्हणून तिच्या पोटांतील बोलीही अनादि काळच्या असल्या पाहिजेत, असा समज पुष्कळ दिवस रूढ होता. रोमन लेखकांनीं नोंदलेल्या जमातींच्या सीमा त्याच बोलींच्या सीमा, असें थोर पंडितही मानीत. या समजास १९८१ सालीं कोल्दो मिचेलेना यांनीं धक्का दिला. बोलींत साम्य इतकें आहे कीं, इसवी सनाच्या ५ व्या-६ व्या शतकांतील एक सामान्य बास्क त्या सर्वांची जननी असावी, असें त्यांचें म्हणणें.

कोल्दो सुआसो यांची १९९८ ची वांटणी याच मार्गावरची आहे. नेपोलियनचा पुतण्या लुई-लुसियन बोनापार्त यानें १९ व्या शतकांत ८ बोली ठरविल्या होत्या. सुआसो यांनीं त्या ६ वर आणल्या. पण संख्येपेक्षां कसोटी महत्त्वाची. जुनें रूप दोन ठिकाणीं टिकलें एवढ्यावरून नातें सिद्ध होत नाहीं. दोघींनीं मिळून नवें कांहीं केलें असेल तरच तें जवळचें समजावें. हा न्याय आम्हांस मान्य आहे. मात्र त्यांतून निघालेलें एक अनुमान जपून घ्यावें लागेल. पश्चिमेकडील अनेक नवीं रूपें व्हितोरिया शहराच्या परिसरांतून पसरलीं असावींत, असें सुआसो म्हणतात. आणि नेमकी त्याच परिसरांत पुढें बास्क मावळली! मुख्य साक्षीदारच गैरहजर असतां जुने कागद व गांवांचीं नांवें यांवर भिस्त ठेवावी लागते.

बोनापार्तला मात्र हिणविण्याचें कारण नाहीं. त्यानें मत्तयाचें शुभवर्तमान गांवोगांवच्या बोलींत उतरवून घेतलें. ग्रियर्सनसाहेबांनीं आपल्याकडे उधळ्या पुत्राचा दृष्टांत असाच वापरला. भाषांतरावरून माणूस लिहितो कसा हें कळतें, चुलीपाशीं बोलतो कसा हें नव्हे, हा दोष आहेच. बास्क अकादमीच्या बोली-नकाशासंग्रहासाठीं १४५ गांवीं लोकांचें बोलणें टिपलें गेलें, तें याचसाठीं मोलाचें. परंतु रोंकाल खोऱ्यांतील बोलीची शेवटची भाषिका १९९१ सालीं वारली. बोनापार्तनें ही बोली सुबेरोआच्या बोलीखालीं घातली, सुआसो यांनीं तिला पूर्व नाव्हारीचा वेगळा पाट दिला. आणि या वादांत दोन्ही पक्षांस आज मेंदिगाचा या स्थानिक माणसानें बोनापार्तकरितां केलेलीं भाषांतरेंच उघडावीं लागतात.