घर कुणाचे?

करकंबच्या आमच्या वाड्याच्या दारावर आजोबांचे नाव दगडात कोरलेले आहे. वाडा मात्र आजीचा. गवंडी गावातले, पैसा आजोबांचा. पण चूल कुठे घालायची हे आजीने माजघरात फतकल मारून, हात लांबवून ठरवले. तेलामिठाचा कोनाडा तिच्या बसल्या हाताला यावा एवढाच उंच. चुलीच्या बरोबर वर माळवदाला साणे. दिवाळीत कढई चढली की धूर सरळ वर जाई आणि सोऱ्या घेऊन बसलेल्या आम्हा पोरींचे डोळे कोरडे राहत. याला कुणी वास्तुकला म्हटले नाही.

हे सारे मला आठवले ते फार दूर, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. रोकब्रून-काप-मार्तँ येथे समुद्रालगत ई-१०२७ नावाचे एक पांढरे घर जतन करून ठेवले आहे. आयर्लंडात १८७८ साली जन्मलेल्या आयलीन ग्रे यांनी ते १९२६ ते १९२९ या काळात उभारले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. हात बसला होता तो लाखकामात आणि सामानसुमानात. घराच्या नावातला ‘ई’ आयलीनचा. दहा, दोन आणि सात हे आकडे म्हणजे जे, बी आणि जी ही अक्षरे. मधली दोन त्यांचे सहकारी जाँ बादोविची यांची, शेवटचे ग्रे यांचे. नावात दोघे होते. मालकी मात्र बादोविचींची.

आत गेल्यावर घर दिपवत नाही, ते जवळ घेते. पलंगाखाली पाय सारून छातीशी ओढता येणारे, उंची कमीजास्त होणारे मेज. मानेमागचे केस दिसावेत म्हणून मोठ्या आरशाला जोडलेला छोटा आरसा. माणूस कसा निजतो, वाकतो, हात कुठवर पोहोचतो, याचा विचार करणारी बुद्धी येथे पावलोपावली भेटते. आजीची बुद्धी हीच.

१९३८-३९ मध्ये, ग्रे तेथून गेल्यानंतर, चंदीगडमुळे आपल्या परिचयाचे ल कॉर्बुझिए यांनी या भिंतींवर मोठाली चित्रे रंगवली. ग्रे यांना विचारले नाही. चित्रे जोरकस आहेत. पण ती उभ्याने, लांबून पाहायची. घर मात्र बसून, निजून, हात लांबवून अनुभवायचे. म्हणून मला ती तेथे परकी वाटली. पुढे कित्येक वर्षे या घराचे श्रेयही इतरांकडेच जात राहिले. २०२१ साली पुऱ्या झालेल्या डागडुजीत चित्रेही राखली आहेत. इतिहास म्हणून ते योग्यच. मात्र जतन केलेल्या घराचे एक दुःख असते: जे मेज ओढण्यासाठीच घडवले, ते आता नुसते पाहायचे!

आपल्याकडे १९३६ साली पेरिन मिस्त्री मुंबईच्या जे. जे. तून वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या. पदवीवर नाव येते. चुलीवर येत नाही.

यंदा भाऊ वाडा उतरवून स्लॅब टाकणार आहे. त्याचेही खरे आहे, माळवद गळते. मी एवढेच मागितले: पाडण्यापूर्वी चूल, कोनाडा आणि साणे यांची मापे वहीत उतरवू दे. दिवाळीच्या सुट्टीत टेप धरायला भाची येणार आहे. वहीच्या पहिल्या पानावर आजीचे नाव मी आधीच लिहून ठेवले आहे.