‘हवेशीर’ म्हणजे कोठे?

गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे काही वाङ्मय नव्हे. पण विज्ञानशिक्षकाने ते एकदा पाठ्यपुस्तकासारखे तपासून पाहावेत. १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील या नियमांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था करते. सिलिंडर थंड, कोरड्या, हवेशीर जागी, उघड्या ज्योतीपासून दूर ठेवावेत; एलपीजीचे सिलिंडर उभे असावेत, असे त्यांत सांगितले आहे. सूचना बरोबर आहेत. अडचण आहे ती ‘हवेशीर’ या शब्दाची.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातील शाळेचे जुने स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. ते चुलीसाठी बांधलेले. धूर गरम असतो, वर जातो; म्हणून झरोका छपराजवळ. ही रचना अडाणीपणाची नाही, चुलीसाठी ती अगदी योग्य आहे. पुढे त्याच खोलीत सिलिंडर येतो. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळलेला वायू जमिनीलगत पसरतो. वरचा झरोका त्याच्या फारसा उपयोगाचा नाही, आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून दार तर लावलेलेच असते. सिलिंडर वेळेवर आला नाही की शेजारची चूल पुन्हा पेटते, तीही जमिनीवरच. ‘आमची खोली हवेशीर आहे’ असे मुख्याध्यापक प्रामाणिकपणे म्हणू शकतील!

थोडे गणित करू. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच. म्हणजे ६० घनमीटर. हवेत सुमारे २ टक्के एलपीजी झाला की मिश्रण पेटू शकते. वायू खोलीभर सारखा मिसळला, तर त्यासाठी सुमारे अडीच किलो गळावा लागेल. तोच खालच्या ३० सेंटिमीटरच्या थरात साचला, तर पाव किलो पुरतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो.

फ्रान्समधील फेझँ येथे ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या टाकीतून निसटलेला वायू असाच जमिनीलगत पसरत रस्त्यापर्यंत गेला आणि तेथील मोटारीमुळे पेटला. १८ माणसे मेली.

नियमांतील दुसरी जागा सवलतीची. एलपीजीचा साठा १०० किलोच्या आत असेल तर परवाना लागत नाही. १९ किलोचे ५ सिलिंडर ९५ किलो होतात. बहुतेक शाळा या मर्यादेतच राहतील. सूट परवान्यापुरती आहे, काळजीतून नव्हे. छोट्या साठ्यासाठी प्रत्येकाला परवाना मागणे व्यवहार्य नाही, हेही मान्य. पण परवान्याच्या निमित्ताने जागेचा नकाशा तपासला जातो, ते येथे घडत नाही. मग ‘हवेशीर’चा अर्थ लावणारा माणूस एकच उरतो, शाळेतला. त्याच्यासाठी ‘जमिनीलगत हवा बाहेर जाईल अशी’ एवढे शब्द जोडायला काय हरकत होती?

वर्गात हे दाखवायला एलपीजी मुळीच वापरू नये. कार्बन डायऑक्साइड व प्रोपेन, दोघांचाही रेणुभार ४४. खोल भांड्यात कमी-जास्त उंचीच्या तीन मेणबत्त्या लावाव्यात, तळाशी खाण्याचा सोडा घालून त्यावर कडेने व्हिनेगर ओतावे आणि कोणती ज्योत आधी विझते ते मुलांना पाहू द्यावे. नंतर त्यांना स्वयंपाकघराचा झरोका मोजायला पाठवावे.