चार पाती आणि कडेचा मामा

ईझल म्हटले की डोळ्यांसमोर चित्रकाराची तीन पायांची घोडी येते. डार्करूममधला ईझल मात्र उभा राहत नाही. जेवणाच्या पाटासारखा आडवा पडून असतो. एन्लार्जरमधून निगेटिव्हची प्रतिमा खाली पडते, तिच्याखाली ब्रोमाइडचा कागद सपाट धरायचा आणि भोवती पांढरी कड राखायची, एवढेच त्याचे काम. त्यामुळे त्याला कोणी विचारीत नाही. फोटोच्या शौकिनाशी बोलून पाहा. कॅमेऱ्यावर तो तासभर बोलेल, भिंगावर दीड तास, आणि ईझलचा विषय काढलात की म्हणेल, "चहा घेणार ना?"

पण मंडळी, फोटोत कोण राहणार आणि कोण जाणार, हे शेवटी ठरते ते या पाटावर. साधा हिशेब आहे. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची, म्हणजे २ ला ३. नेहमीचा कागद ८ × १० इंची, म्हणजे ४ ला ५. कागदाची ८ इंचांची बाजू भरायची तर फोटो १२ इंच लांब होतो, आणि कागद तर १० इंचच! २ इंच गेले. लग्नाच्या ग्रुपफोटोत १२ माणसे एका ओळीत खेटून उभी असतील, तर त्यांतली दोन गेली.

आणि जातात कोण? नवरा-नवरी मध्ये, व्याही त्यांना चिकटून. कडेला असतो तो, "अहो, या ना!" असे तीनदा ओरडल्यावर पंचाला हात पुसत आलेला मामा, आणि दुसऱ्या टोकाला, पदर सावरीत अर्धे पाऊल मागे उभी राहिलेली आत्या. सबंध कार्य यांनी निभावलेले असते आणि फोटोत यांचाच पत्ता नाही.

आता ईझल एकेक करून पारखू. पहिला ठरावीक मापाचा. कागद आत सरकवला की झाले. घाईच्या धंद्याला उत्तम, पण स्वभाव सरकारी फॉर्मसारखा. दिलेल्या चौकटीत बसा, नाहीतर बाहेर व्हा.

दुसरा दोन पात्यांचा. दोन कडा जवळजवळ ठरलेल्या, उरलेल्या दोन बाजूंची पाती सरकवायची. यात मामा वाचतो, पण शिल्लक पांढरी जागा सगळी एकीकडे साठते आणि फोटो कोपऱ्यात ढकलल्यासारखा दिसतो. मग कटर घेऊन कागद कापत बसा. तरी हौशी माणसाने सुरुवात इथून करावी. हाताला हलका, खिशालाही.

तिसरा चार पात्यांचा. चारही बाजू स्वतंत्र हलतात. ८ × १० च्या कागदावर ६ × ९ चा फोटो मधोमध बसवा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच, वर-खाली एकेक इंच. सगळे वऱ्हाड आत! हा महाग असतो आणि जडही. पण इथे जडपणा हा गुण आहे. हाताने प्रकाश अडवताना चुकून कोपर लागले तरी जागचा हलत नाही.

जुना घ्यायचा तर दुकानदाराच्या शपथांवर जाऊ नये. पात्यांच्या आतली चौकट पेन्सिलीने कागदावर आखावी आणि समोरासमोरच्या बाजू व दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर काटकोन खरा. नाहीतर नवरदेव जन्मभर तिरका.

कोणी म्हणेल, कापणे एवढे वाईट आहे का? फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह असे की चौकट कॅमेऱ्यातच ठरवावी, मागाहून काटछाट नको. पण पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा गाजलेला फोटो कापूनच छापलेला आहे. तो कुंपणाच्या फटीतून घेतला होता आणि फळी चौकटीत शिरली होती. फळी कापायला माझी ना नाही. माझे भांडण आहे ते मामाला फळी समजण्याशी.

आता डार्करूम थोड्या उरल्या, पण भांडण संपलेले नाही. मोबाइलचा फोटो बहुधा ४ ला ३ असतो आणि दुकानातला कागद ४ × ६ इंची. पूर्वी कडेची माणसे जात, आता वरचे फेटे नाहीतर खालचे पाय जातात. म्हणून छापायला देताना एवढेच सांगावे, "पूर्ण छापा हो, पांढरी कड राहिली तरी चालेल." पांढरी कड कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. खुपतो तो ४० वर्षांनी अल्बम उघडल्यावर आजोबांच्या खांद्यावर दिसणारा एक नुसताच हात. तो कोणाचा, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते.